तलावाकाठचा मुक्काम

"फुलं साजरी दिसते जी, पन आमचा मासा गेला ह्याच्यापाई."

साकोलीहून अर्जुनी मोरगावकडे जाताना एका गावतलावाच्या काठी आम्ही रात्रीपुरता तंबू ठोकला होता. सकाळी चहा उकळत असताना खांद्यावर जाळं टाकलेले एक ढिवर (मासेमार समाजाचे) काका उभ्याउभ्या हे बोलले. फुलं बेशरम नावाच्या झुडपाची. फिकट जांभळी, काठभर माजलेली.

काकांनी गुडघाभर पाण्यात उतरून एक हिरवी पाणवनस्पती उपसून दाखवली. केसासारखी बारीक पानं आणि त्यात अडकलेलं, नखाएवढं वळवळणारं पिल्लू. "इथं अंडे देते मासा. बेशरम पसरली का हे मरते." पिल्लू त्यांनी अलगद पाण्यात सोडलं.

दिवसभर गाडीत तेच डोक्यात होतं. भंडारा-गोंदियाकडचे हे तलाव कोहळी या शेतकरी समाजातल्या लोकांनी बांधले, धानासाठी. पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठे घालायची, जास्तीचं पाणी कुठून सोडायचं, सगळं गावाला ठाऊक होतं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली, ते बरंच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढायला, पाळ सांभाळायला गाव एकत्र येणं कमी होत गेलं.

सहलीला समुद्रच हवा म्हणून आपण कोकणात धावतो. जरूर जावं. पण इतके शांत काठ आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि कोणता मासा कुठे अंडी घालतो हे सांगणारी माणसंही आहेत. बेशरम काढायला, तलाव राखायला त्यांनाच आधी का विचारत नाहीत?

तुमच्या गावच्या तलावाची, बोडीची (छोट्या तळ्याची) काय स्थिती आहे?