तांबडा रस्सा आणि बारोलो: तुम्ही विचारलंत म्हणून

इटलीत, तोरिनोला कामासाठी म्हणा, फिरायला म्हणा, जो मराठी माणूस येतो तो मला हे विचारतोच. ताई, बारोलो, ही इथली लाल वाइन, आपल्या मटणाबरोबर चालते ना? मी नाही म्हटलं की चेहरे पडतात आणि कुणीतरी म्हणतंच, इथे राहून तू इटालियन झालीस. हे ऐकून मी खरंच थकलेय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

बारोलो रंगाला फिकी असते, त्यामुळे लोक तिला हलकी समजतात आणि पहिल्याच घोटाला दचकतात. कच्चं केळं चावल्यावर जीभ आखडते ना, तसं होतं. ती ज्याची करतात त्या नेब्बिओलो द्राक्षात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. तोंडात मांस, लोणी, जुनं चीज असं काही असेल तर टॅनिन तिकडे गुंततं आणि मग तो सुकलेल्या गुलाबाचा, चेरीचा, थोडासा डांबराचा वास वर येतो, ज्यासाठी लोक ही वाइन वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. मिरचीचं उलटं आहे. तोंड आधीच भाजलेलं, त्यावर 14 टक्के अल्कोहोल आणि वर हा तुरटपणा, म्हणजे आग वाढते, फळाची चव जाते आणि कडवटपणा तेवढा राहतो. हे कुणी गोऱ्यांनी आपल्याला हिणवायला काढलेलं नाही, कुणाच्याही जिभेवर हेच होतं.

आता ते सांगते जे मी कुणाला सांगत नाही. माझा मोठा भाऊ आणि वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. दादासाठी मी सेर्रालुंगा गावच्या बारोलोची 2010 ची बाटली ठेवली होती. सेर्रालुंगाच्या जमिनीतली बारोलो जवळच्याच ला मोर्रा गावच्या बारोलोपेक्षा कडक असते, तिला मुरायला वेळ लागतो, आणि 2010 हे वर्ष फार चांगलं, त्यामुळे ती मी इतकी वर्षं कुणासाठीच उघडली नव्हती. इथे ब्रासातो, म्हणजे वाइनमध्ये मंद शिजवलेलं मांस, बीफचा करतात, दादा बीफ खात नाही म्हणून मी कोकराचा खांदा वाइनमध्ये मंद आचेवर शिजवला, सकाळीच बाटली उघडून हवा लागावी म्हणून डिकँटर नावाच्या काचेच्या सुरईत ओतली. आणि वहिनींनी मला सरप्राइज म्हणून दुपारभर खपून तांबडा रस्सा केला, मसाला कोल्हापूरहून बांधून आणलेला, माझ्या आईच्या हातचा. मी एवढंच म्हटलं, वहिनी, रस्सा आपण मागून घेऊया का, आधी वाइन आणि कोकरू होऊ दे. दादाने ऐकलंच नाही, वाटीभर रस्सा प्यायला, वर बारोलोचा मोठा घोट घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग ग्लास सिंकमध्ये ओतला आणि म्हणाला, ह्या औषधासाठी तुला आईचा मसाला मागे ठेवायचाय? लाज वाटते का आता आपल्या जेवणाची? वहिनी काहीच बोलल्या नाहीत, पातेलं उचलून आत घेऊन गेल्या. त्या रात्री कोकरू कुणी खाल्लं नाही आणि रस्साही कुणी नाही. दादा परत गेल्यावर फोनवर आम्ही सगळं बोललो, हे सोडून.

लाज नव्हती हो. दोन्ही गोष्टी मला प्रिय होत्या आणि दोन्ही वाया जाऊ नयेत एवढंच होतं. पण हेही खरं की बाटली महाग होती आणि मी ती राखत होते, दादाने तेच ओळखलं असेल.

इथे नवीन आलेली मी तर दादाच्याच बाजूने भांडली असती. तिचं म्हणणं होतं की वाइनला नियम कसले, ज्याला जे आवडेल त्याने त्याबरोबर प्यावं. ती अजून मला विचारते, तिखटाची सवय असलेल्या माणसाला तेवढंच झोंबतं का? नसेलही. म्हणून मग जिभेला एवढी नाजूक, एवढे महिने पिंपात मुरलेली वाइन त्याच रश्शावर का घालायची, हे मी तिला विचारते. दोघी अडून बसतो.

शाकाहारी विचारतात त्यांना मात्र मी बिनधास्त हो म्हणते. ताजारीन खा, किलोभर पिठाला तीस-तीस बलक घातलेल्या बारीक शेवया, वर लोणी आणि मिळालं तर आल्बाचं पांढरं ट्रफल, ती जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. अंडं नको असेल तर एखादं जुनं शाकाहारी चीज आणि लोण्यात परतलेलं मशरूम. बारोलोला मांसच लागतं असं नाही, तिला स्निग्ध काहीतरी आणि मीठ लागतं. आणि तांबड्या रश्शाबरोबर वाइन हवीच असेल तर बारोलोच्याच भागातल्या टेकड्यांमधली मोस्कातो दास्ती घ्या, गोडसर, थंडगार, अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, मिरची छान शांत करते. गोड म्हणून नाक मुरडू नका.

पांढऱ्या रश्शाचं मात्र माझं मलाच ठरत नाही. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, काजू, खसखस, तिखट जवळजवळ नाही, म्हणजे कागदावर सगळं जुळतं. पण नारळाच्या दुधाच्या गोडीने टॅनिन जास्तच टोचतं असं मला दरवेळी वाटतं, आणि जुन्या, मुरून मवाळ झालेल्या बारोलोबरोबर ते कमी होईल असंही वाटत राहतं.