क्रूझ अपडेट: क्लॉक स्प्रिंग निर्दोष, चोर क्लच पेडलवर

सापडलं! आमच्या मॅन्युअल गाडीचं क्रूझ कंट्रोल (एक्सलरेटर न दाबता सेट केलेला वेग धरून ठेवणारी सोय) चालता चालता, निघाल्यापासून बारा-पंधरा मिनिटांनी, आपोआप तुटत होतं. मागच्या अपडेटमध्ये संशयाची सुई क्लॉक स्प्रिंगवर (स्टिअरिंगवरच्या बटणांना जोडणारी गुंडाळलेली केबल) होती. ती तिथून काढायची. मुद्दा साधा होता, पण नजरेतून सुटला होता: क्रूझ तुटताना फक्त सेटचा (वेग धरल्याचा) हिरवा दिवा जातो, मेन (क्रूझ चालू असल्याचा) दिवा तसाच राहतो. क्लॉक स्प्रिंग गंडली असती, तर हॉर्न आणि ऑडिओची बटणंही कधीतरी रुसली असती. ती एकदाही रुसलेली नाहीत. म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कुठून तरी 'रद्द कर' असा निरोप जातोय, आणि मॅन्युअल गाडीत तो द्यायला ब्रेकसोबत क्लचचाही स्विच असतो.

ब्रेक स्विचवरचा संशय लवकर फिटला. त्याचे दोन्ही कॉन्टॅक्ट लाइव्ह डेटात बरोबर एकदम पलटी मारतात, ब्रेक लाइटचे बल्बही मूळचेच आहेत. (एलईडी टाकले असतील त्यांनी आधी जुने लावून बघा. काही गाड्यांत ईसीयू बल्बच्या फिलामेंटमधूनच अर्थ (ग्राउंड) बघतो.)

खरी डोकेदुखी क्लच स्विचची. स्वस्तातल्या ओबीडी डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचा डेटा दाखवणारं यंत्र) हा स्विच कायम 'ठीक' दिसायचा. दहा-बारा पॅरामीटर एकदम लावले की ते डोंगल सेकंदाला एखादंच रीडिंग देतं, आणि स्विच तुटतो डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. असल्या बिघाडाला ते डोंगल कुचकामी. शेवटी स्विचच्या सिग्नल वायरवरून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी अर्थला जोडून डॅशवर चिकटवला. मीटरने आधी व्होल्टेज नक्की बघा. आपल्याकडे पेडल मोकळं असताना पूर्ण १२ व्होल्ट येतात, म्हणून हे चाललं. ५ व्होल्टची पुल-अप (रेझिस्टरमधून दिलेली, कमकुवत) लाइन असेल तर एलईडीच ती खाली ओढेल आणि नसलेला बिघाड तयार होईल.

रविवारी पहाटे, सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवर ट्रकांची रांग लागायच्या आत, कागलहून महामार्गाने उत्तरेला, कोल्हापूरकडे. पाचवा गिअर, ८० वर सेट. गोकुळ शिरगाव मागे पडेपर्यंत एलईडी स्थिर. शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर पहिल्याच जॉइंटला लुकलुकला, आणि त्याच क्षणी क्रूझ गेलं. नाद खुळा! 'बारा-पंधरा मिनिटांनी गरम झालं की तुटतं' ही थिअरी इथंच बाद. तो वेळ गरम व्हायचा नव्हता, कागल ते पूल एवढ्या अंतराचा होता.

स्विच काढून व्हर्नियर लावला. प्लंजर (स्विचची दाबली जाणारी दांडी) २.५ मिमी दाबला की सर्किट जुळतं. पेडल पूर्ण वर असताना तो दाबला जात होता जेमतेम २.८. मार्जिन ०.३ मिमी! पेडलच्या हातावर जे प्लास्टिकचं बटण प्लंजरला टेकतं, ते झिजून मधोमध खड्डा पडलाय, एका कडेला तडाही आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आपटलं की पेडल हलतं, सर्किट तुटतं आणि ईसीयू समजतो, क्लच दाबला. इंजिन मोकळं सुटून आरपीएम वर पळू नये म्हणून तो लगेच क्रूझ सोडतो. त्याचं बरोबरच आहे.

तात्पुरतं म्हणून लॉकनट ढिला करून स्विच एक फेरा पुढे घेतला. आट्याचा पीच १ मिमी, म्हणजे मार्जिन १.३ झालं. याहून पुढे हाव नको. स्विचची बॉडी पेडलला टेकून त्याला खाली ढकलायला लागली तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) जातो आणि रिलीज बेअरिंग अन् क्लच प्लेट खाल्ली जाते. फ्री प्ले नंतर बोटाने तपासाच.

तोच पूल पुन्हा चार वेळा: एलईडी ढिम्म, क्रूझ टिकलं. निपाणीपुढच्या तवंदी घाटात मात्र एकदा तुटलं आणि पोटात गोळा आला. क्लच स्लिप, म्हणजे प्लेट घसरतेय? लॉग काढला तर आरपीएम भागिले वेग चढावरही २४.५, सपाटीलाही २४.५. घसरली असती तर चढावर आकडा वाढला असता. म्हणजे स्लिप नाही. ८० वर सेट असताना वेग ६० च्या खाली गेला होता, तेवढ्या फरकाला सिस्टीम स्वतःच सोडते. चौथा गिअर टाकून परत सेट करायचं, एवढंच.

नवा स्विच मागवायचा बेत रद्द, जुन्याचे कॉन्टॅक्ट ठणठणीत आहेत. फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. तेलाचा थर सोडणारे गंज-स्प्रे इथं नकोत, धूळ धरतात. पेडलवरचं बटण मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचं. आधी नायलॉन ठरवलं होतं, पण ते ओल शोषून फुगतं, आणि इथल्या जुलैत मिमीच्या भागांवर चाललेलं हे गणित त्यावर टिकायचं नाही. म्हणून डेलरिन, ओल फारशी न शोषणारं कडक प्लास्टिक. टोपी १२ मिमी व्यासाची, ४ मिमी जाड, मागे पेडलच्या भोकात घट्ट बसणारा दांडा. ते बसलं की स्विच एक फेरा मागे, मूळ जागी.

हे लिहितानाच लक्षात आलं: ब्रेक पेडलवरचं बटणही त्याच जातीचं आणि त्याच वयाचं आहे. एकाऐवजी दोन करून घ्यायची. एलईडी डॅशवरून अजून काढलेला नाही.