सेटिंग्ज फाइल आणि कॉन्फिग फाइल

आज संध्याकाळी आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये आलेल्या एका नवीन मुलीचा मेसेज आला, दोन दिवस झाले सेटअपच होत नाहीये, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक. तिचं काहीच चुकत नव्हतं. आमच्या कॉन्ट्रिब्यूटिंगच्या पानावर, म्हणजे नव्याने काम करणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये, अजून गिट चेकआउट मास्टर ही कमांड लिहिलीय, आणि मास्टर नावाची ब्रँच (कोडची शाखा) आमच्याकडे राहिलेलीच नाही.

गिटहबवर, म्हणजे जिथे कोड ठेवतात त्या साइटवर, १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन रेपोची (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याची) डीफॉल्ट ब्रँच मेन झाली, पुढे आम्ही पण आमची बदलली. रीडमी, म्हणजे प्रोजेक्टच्या ओळखीचं पान, मीच अपडेट केलं होतं. बाकी पानांवरच्या लिंका उघडून बघितल्या, सगळ्या चालत होत्या, म्हटलं झालं. पण ब्रँचचं नाव बदललं की जुन्या लिंका गिटहब आपोआप नव्या नावाकडे वळवतं, टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांडला कोण वळवणार, ती सरळ एरर देते. लिंका उघडण्याऐवजी फक्त मास्टर हा शब्द सगळ्या फाइल्समध्ये शोधला असता तर तिचे दोन दिवस वाचले असते, आणि ती स्वतःला दोष देत बसली हे मला जास्त लागलं.

लगेच शोधायला बसले तर दुसरंच दिसलं. एकाच फाइलला इन्स्टॉलच्या पानावर सेटिंग्ज फाइल म्हटलंय, डिप्लॉयच्या पानावर कॉन्फिग आणि ट्युटोरियलमध्ये प्रोफाइल. तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या वर्षी, नोकरी सांभाळून रात्री तासभर काढून लिहिलेली पानं, आणि प्रत्येक पान एकेकटं वाचलं तर छानच आहे. त्यांच्यापुढे मोठी स्टाइल गाइड ठेवायची मला अजिबात पटत नाही, वेळ देणारी माणसं त्याने दूर जातात. आपण कुठल्या गोष्टीला काय म्हणतो एवढी अर्ध्या पानाची यादी पुरे, आणि इन्स्टॉलच्या स्टेप्स एकाच पानावर, बाकी सगळीकडून तिथे लिंक.

उदाहरणांचं मात्र मशीनवर सोपवता येतं. पायथन भाषेत डॉकटेस्ट नावाचं टूल २००१ पासून आहे, डॉक्समधली (माहितीच्या पानांमधली) उदाहरणं खरंच चालवून आउटपुट जुळतं का बघतं, आम्ही ते मागच्या महिन्यात सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, लावलं. पहिल्याच रनला एक उदाहरण फेल, पानावर उत्तर गोल कंसात आणि फंक्शन कधीपासून लिस्ट देतंय, म्हणजे चौकोनी कंस. इतके दिवस कोणाच्या नजरेला आलं नव्हतं, रिव्ह्यू करणाऱ्या माझ्याही नाही. आता कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (बदल घ्या म्हणून पाठवलेल्या प्रस्तावात) डॉक्सचा बदल हवा, नंतर करू म्हटलेलं आमच्याकडे कधीच झालेलं नाही.

पण एका फाइलची तीन नावं डॉकटेस्टला कळत नाहीत, आणि मला सवयीने दिसत नाहीत. म्हणून त्या मुलीला सॉरी म्हटलं आणि विचारलं की वाचताना जिथे जिथे अडशील ते नुसतं लिहून पाठवशील का, बाकी दुरुस्ती मी करते. अर्ध्या तासात पहिली ओळ आली: सेटिंग्ज फाइल आणि कॉन्फिग फाइल एकच का?