मागील पानावरून पुढे

चोराला माझा विमान चालवताना कानाला लावायचा हिरवा डेव्हिड क्लार्क हेडसेट मिळाला. त्याचे त्याला काय पैसे आले असतील ते येवोत. त्याच पिशवीत माझी विमान चालवल्याच्या तासांची तेरा वर्षांची वही होती. ती त्याने कुठल्या व्हाळात फेकली कुणास ठाऊक.

ही गोष्ट 22 ऑगस्ट 2025 ची, चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारची. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एरवीच दाटीवाटीचा असतो, त्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आलेलं. बायकोने यादी दिली होती: आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा शिपटा, कांगलां, आणि चिबूड मात्र नीट बघून आण. मी धारगळहून स्कूटर काढली ती खरं तर झेरॉक्ससाठी. वहीचं पानन् पान झेरॉक्स करून ठेवायचं, हे काम मी दहा वर्षं पुढे ढकलत आलो होतो. दुकानात गेलो तर लाइट नव्हती. ‘अर्ध्या तासान यो बाब,’ दुकानदार म्हणाला. त्या अर्ध्या तासात मी बाजार करायला गेलो, पिशवी स्कूटरच्या हुकला लावली, आणि चार पावलांवर चिबडाचा भाव करत उभा राहिलो. परत आलो तर हुकला फक्त नारळांची पिशवी.

नाही, नारळ नाही नेले.

अशी वही माझ्याकडे कशी ते सांगतो. मी जहाजावर इंजिनिअर. आमच्या पेडणे-बारदेशात घरटी एक तारवटी सापडेल, त्यात नवल नाही. पण 2012 साली दोन कॉन्ट्रॅक्टांच्या मध्ये मी सुट्टी काढली, रीतसर विद्यार्थी व्हिसा घेतला आणि फ्लोरिडात छोटं विमान चालवायला शिकलो. सेसना 172, चार सीटांचं, पंख वरच्या बाजूला असलेलं. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान 40 तास लागतात. मला 63.4 लागले. आमचे मास्तर म्हणायचे, चाळीस तासांत होणारी माणसं मी फक्त जाहिरातीत बघितली आहेत. त्यानंतर जहाज तिकडच्या बंदरांच्या बाजूला असलं, की कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी येण्याआधी आठ-दहा दिवस विमान भाड्याने घेऊन उडायचो. इथे गोव्यात मी एक मिनिटही विमान चालवलेलं नाही. अमेरिकी परवान्यावर व्हीटी लिहिलेलं, म्हणजे भारतात नोंदलेलं, विमान उडवता येत नाही, आणि इकडचा परवाना करून घ्यायचा पैसा आणि चिकाटी दोन्ही माझ्यापाशी नव्हतं. मोप्याचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून विमानं आमच्या कुळागराच्या डोक्यावरून जातात, तेवढंच.

पोलिसांत गेलो. हवालदाराने विचारलं, ‘कितें व्हेलें?’ म्हटलं, हेडसेट आणि लॉगबुक. लॉगबुक म्हणजे? म्हटलं, विमानाची वही. त्याने पेन खाली ठेवलं. ‘विमान तुजें?’ मग ते भाड्याचं असतं, तिकडे असतं, वहीत माझे तास असतात, हे सगळं सांगेपर्यंत मागे रांग लागली. माणूस भला होता. तक्रारीत त्याने ‘विमान चालविल्याच्या तासांची हस्तलिखित वही, किंमत सांगता येत नाही’ असं लिहिलं. कलम चोरीचंच, भारतीय न्याय संहितेचं 303. पण मला ते ‘किंमत सांगता येत नाही’ फार बरं वाटलं.

त्या रात्री झोप नाही. जहाजवाल्याला कागद हरवण्याची भीती जन्माची असते. सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं सरकारी पुस्तक, हरवली की काय काय वणवण करावी लागते, ते ज्याने केलंय त्याला विचारा. मला वाटलं, परवानाच गेला. सकाळी डोकं ताळ्यावर आलं. परवाना प्लॅस्टिकचा, तो पाकिटात होता; आणि तो हरवला असता तरी नवा 2 डॉलरात मिळतो. अमेरिकी नियमाप्रमाणे वहीत सगळंच लिहायची सक्तीही नाही. जे प्रशिक्षण आणि जो अनुभव परवान्यासाठी किंवा तो चालू ठेवण्यासाठी दाखवायचा, तेवढा लिहिलाच पाहिजे. बाकी उगाच आकाशात फिरून आलात ते लिहा न लिहा. आपल्याकडचा 1937 चा विमान नियम जास्त कडक: वही ठेवायची, शाईने लिहायची, आणि शेवटच्या नोंदीपासून 5 वर्षं सांभाळायची. आता तर इकडच्या वैमानिकांच्या नोंदी सरकारी पोर्टलवरच चढतात, त्यांना चिबूड घेताना भ्यायला नको.

पण तास दाखवावे लागतात ते लागतातच. विमान भाड्याने देणारा विचारतो, त्याचा विमावाला विचारतो. एकूण किती? या जातीच्या विमानावर किती? गेल्या नव्वद दिवसांत किती? तोंडी उत्तराला तिथे किंमत नाही.

शोधता शोधता कळलं की वही हरवणारा मी पहिला नाही. अमेरिकी विमान खात्याच्या निरीक्षकांच्या पुस्तिकेत याची सोय करून ठेवली आहे. वैमानिकाने सही करून दिलेलं आधीच्या तासांचं निवेदन नव्या वहीचा पाया म्हणून मानता येतं. मात्र त्याला मिळतील ते सगळे पुरावे जोडायचे: विमानांच्या वह्या, भाड्याच्या पावत्या, विमानं चालवणाऱ्या संस्थांचे दाखले.

मग बसलो. चतुर्थीचे दिवस, घरात पाहुणे, आरत्या, आणि मी पडवीत लॅपटॉप घेऊन. सासरे येऊन विचारायचे, जावईबापू कसला हिशेब? मी म्हणायचो, हवेतला.

पहिला पक्का आकडा आला ओक्लाहोमा सिटीहून. वैमानिकांचे कागद तिथल्या कचेरीत असतात आणि स्वतःच्या फाइलची प्रत मागता येते. परीक्षेला बसताना भरलेला अर्ज त्यात होता, 8710-1 नावाचा. त्यावर शिकवणीचे किती, एकट्याचे किती, रात्रीचे किती, सगळे रकाने आणि खाली माझी सही. 63.4. त्या आकड्याला आता कुणी हात लावू शकत नाही. त्या वेळी तो अर्ज भरायला मला कंटाळा आला होता, हे कबूल करतो.

दुसरं, ईमेल. 2014 पासूनच्या भाड्याच्या पावत्या मी कधी पुसल्या नव्हत्या, आळसानेच. भाडं हॉब्स मीटरवर लागतं. टॅक्सीच्या मीटरसारखाच तो, फक्त तासाचे दहा भाग करतो, 0.1 म्हणजे सहा मिनिटं. निघताना आणि परतल्यावर मी त्याचा फोटो काढायचो, कारण एकदा एका ठिकाणी अर्ध्या तासाचे पैसे जास्त लावले होते. भांडणासाठी काढलेले ते फोटो आता साक्षीदार झाले. 2014 ते 2019 मिळून 48.2. मग कोविडची वर्षं कोरी. 2022 ते 2024 मिळून 17.9.

बेरीज 129.5.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर, उजवीकडे खाली, पेन्सिलने मी लिहिलेला आकडा मला लख्ख आठवत होता: 142.6. फरक 13.1.

ते तेरा तास कुठले, हेही आठवत होतं. 2013. जहाजावरच्या एका जुन्या सोबत्याचं स्वतःचं विमान होतं, तिकडेच स्थायिक झालेला माणूस. पेट्रोल निम्मं निम्मं, रोख. जाताना तो चालवायचा, येताना मी. नियम असा की ज्याच्या हातात सुकाणू, तास त्याचे. म्हणजे माझे तास माझ्या वहीत, त्याचे त्याच्या. पावती एकही नाही. त्याचं विमान विकलं गेलं, आणि विमानाच्या वहीत इंजिन किती फिरलं ते असतं, कोणी फिरवलं ते नसतं.

इथे एक गंमत झाली. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्ये आजवरचे एकूण तास विचारतात. 2017 च्या फॉर्मची प्रत मिळाली, त्यात मी 98 लिहिले होते. तोवरच्या पावत्या आणि परीक्षेचे तास जोडले तर येतात 84.9. म्हणजे ते तेरा तास 2017 साली माझ्या हिशेबात होते, आत्ता रचलेले नव्हेत. न्यू जर्सीचा मावसभाऊ फोनवर ओरडलाच. (परदेशात राहणाऱ्या परवानाधारकाला आता अमेरिकेत टपाल घेणारा प्रतिनिधी नेमावा लागतो, जुन्यांना मुदत 7 जुलै 2025 ची होती, माझा प्रतिनिधी हा. तेव्हापासून तो स्वतःला माझा वकील समजतो.) म्हणाला, सरकारी कागद आहे ना, मग घाल की तेरा तास! पुरावा म्हणजे आणखी काय असतो?

मी दोन दिवस विचार केला. 98 हा मीच लिहिलेला आकडा. 97.6 चे मी 98 केले असतील, 98.3 चेही केले असतील. तारखा नाहीत, विमानतळ आठवतात पण क्रम आठवत नाही. इंजिन रूममध्ये वीस वर्षं लॉग लिहिलाय. वॉचवर नसताना चुकलेलं रीडिंग अंदाजाने भरणारा ज्युनिअर मी कितीतरी वेळा झापलाय. ‘सर, काल जेवढं होतं तेवढंच असणार’ हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मी त्याला काय तोंड दाखवू?

129.5 लिहिले. खाली वेगळ्या परिच्छेदात ते तेरा तास, कसे, कोणाबरोबर, पुरावा का नाही, आणि ते एकूण बेरजेत धरलेले नाहीत. मावसभाऊ मला वेडा म्हणतो. म्हणो.

प्रतिज्ञापत्र म्हापशालाच नोटरीकडे केलं. इंग्रजी मजकूर मी टाइप करून नेला होता. नोटरीने तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला, आणि विचारलं, ‘पण तुम्ही खरंच चालवता?’ शिक्का मारताना त्यांचा हात जरा जास्तच जपून पडला असं मला वाटलं.

दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करायची असते, त्याची नोंदही वहीतच होती. ती मी परत मिळवायच्या भानगडीत पडलो नाही. कमीत कमी एक तास जमिनीवर, एक तास हवेत. पुढच्या खेपेला नव्याने करीन. तीच नव्या वहीतली पहिली खरी नोंद. त्याच्या वरच्या ओळीत, आमचे आजोबा दुकानाच्या खतावणीत लिहायचे तसं, ‘मागील पानावरून पुढे’ आणि 129.5. ते मी मराठीतच लिहिलंय. तिकडच्या निरीक्षकाने विचारलं तर सांगेन.

तासांचं भागलं. शेऱ्यांचं काय? प्रत्येक ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मास्तरांचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. ‘उजवा पाय झोपला आहे.’ ‘रेडिओवर कमी बोल.’ ओकीचोबी तळ्यावरून पहिल्यांदा एकटा गेलो त्या ओळीवर कॉफीचा गोल डाग होता. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर शर्टाची पाठ कापायची तिकडे रीत आहे. त्यांनी माझा बरा शर्ट कापला आणि त्यावर मार्करने तारीख लिहिली. तो तुकडा आमच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे. मावसभाऊ म्हणाला, तोच जोड प्रतिज्ञापत्राला.

मास्तर आता सत्तरीच्या पुढे आहेत, शिकवणं सोडलंय. दाखल्यासाठी त्यांना लिहिलं. एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती: शिकवणारा आपलेही तास लिहितो. मला शिकवलेला प्रत्येक तास त्यांच्या वहीत आहे. त्यांनी 2012 च्या सगळ्या पानांचे फोटो पाठवले, जेवणाच्या टेबलावर ठेवून काढलेले, एका कोपऱ्यात मिठाची बाटली.

त्या शर्टाच्या तारखेची ओळ मी आधी शोधली. एकट्याला सोडण्यापूर्वी ते माझ्याबरोबर तीन फेऱ्या बसले होते. 0.9. माझ्या वहीत त्यांनी त्या दिवशी ‘ठीक’ एवढंच लिहिलं होतं, आणि तेरा वर्षं मी तो शब्द मनाला लावून घेतला होता. त्यांच्या वहीतल्या शेऱ्याचं मराठी असं होईल: ‘तीन वेळा उतरला. तिसऱ्या वेळी मी खिडकीतून बाहेर गाई बघत होतो.’