तिसरा आवा: रंग आला, पण भांडे वाजते का?

शनिवारी रात्री पेटवलेला आवा, म्हणजे मातीची भांडी भाजायची खड्ड्यातली भट्टी, रविवारी दुपारी उघडला. नऊ भांडी होती. सहा धड निघाली, दोघांना तडा गेला आणि एका वाडग्याचे बूड राखेतच राहिले. पहिल्या खेपेला आठातली पाच फुटली होती, तेव्हा मी खूश आहे. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत, जिथे कुंभारकामाला कसलेच नवल नाही, तिथे हे बोलायची मला थोडी लाजच वाटते.

पहिल्यांदा काय चुकले ते आता कळते. भांडी पंधरा दिवस माळ्यावर वाळवली होती, हाताला खडखडीत लागत होती. पण इथली हवा! उघड्यावर ठेवलेल्या मिठाला पाणी सुटते, तिथे कच्ची माती कोरडी कशी राहणार? पेटवल्यावर दहा मिनिटांत फटाफट आवाज सुरू झाले. आतले पाणी शंभर अंशांना वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर भिंत फोडूनच बाहेर पडते. आता मी भांडे गालाला लावून बघते. थंड लागले तर आत पाणी आहे, मग ते परत वैलाच्या उबेला. यंदा दोन दिवस वैलावर आणि शेवटचे दोन तास खड्ड्याच्या काठावर, करवंट्यांच्या निखाऱ्याशेजारी ठेवली. शिवाय मातीत जुन्या खापऱ्यांचा चुरा मळला, साधारण पाच वाट्या मातीला एक वाटी. एकही भांडे वाफेने फुटले नाही.

खड्डा जांभ्यातच खणलाय, दोन फूट खोल. तळाला चार बोटे लाकडाचा भुसा, त्यावर भांडी, मधल्या फटींत सोडणे (नारळाची सालपटे), वर शेणी, शेवटी काजूची लाकडे. चुडते, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, फक्त पेटवायला. ती भडकतात आणि पाच मिनिटांत संपतात, भांड्याला मात्र तेवढ्यात धक्का बसतो. सोडणे धुमसत जळतात, धूर भरपूर देतात. भांड्यावर धुराचे काळे ढग हवे असतील तर सोडणासारखे दुसरे काही नाही. कडेला लावलेला एक चिरा ओला होता, तो फुटून खपली उडाली. चिरेही वाळवून घ्या.

पेटवायची वेळ संध्याकाळची ठेवा. माझ्याकडे तापमान मोजायचे यंत्र नाही, पण अंधारात फटीतून भांडे मंद लाल दिसले की सहाशे-सातशे अंशांच्या आसपास आलो असे धरते. दिवसाउजेडी ती लाली दिसतच नाही. ज्वाळ बसल्यावर वर पत्रा टाकला आणि कडा मातीने बुजवल्या.

रंगासाठी यंदा मोरचूद (तांब्याचे निळे क्षार) वापरले. कुळागरातल्या (बागायतीतल्या) सुपारीवर कोळेरोग या बुरशीसाठी मारतात, त्यातलेच उरलेले. दोन चिमट्या भुशात मिसळल्या, दुसऱ्या बाजूला आगरातले जाडे मीठ टाकले. तांब्याचा धूर हवा कोंडलेल्या बाजूला बसतो तिथे गुलाबी-तांबूस छटा येते, हवा लागते तिथे काळे-हिरवट. मला एकाच सुरईवर खरा गुलाबी डाग मिळाला, रुपयाएवढा. मिठाने मात्र दोन भांड्यांवर सुंदर नारिंगी झाक दिली. हा धूर विषारी आहे, म्हणून तोंडाला मास्क, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहणे, आणि ती राख झाडांना किंवा विहिरीजवळ अजिबात नको. या भांड्यांत खायचे-प्यायचे काही ठेवत नाही, एरवीही ती झिरपतातच.

राकू का करत नाही असे दोघांनी विचारले. जपानी चहाच्या वाडग्यांची ती पद्धत मला आवडते, पण लालभडक झालेले भांडे चिमट्याने बाहेर काढायचे माझ्या हातांना झेपणार नाही, आणि गॅसची भट्टीही नाही.

शेजारच्या मामी कुंभाराच्या घरच्या. त्या गुलाबी डागाकडे मी बोट दाखवत होते, त्यांनी तिकडे पाहिलेच नाही. सुरई उचलली, बोटाच्या पेराने टकटक केले आणि म्हणाल्या, “हें भाजूंक ना गो.” मग नारिंगी झाक आलेले एक भांडे वाजवले. ते टणटण बोलले. सुरई मात्र ढपढप. ज्या बाजूला मी मोरचूद टाकले तिथे सोडणे जास्त कोंबली होती, हवा कमी गेली, धूर झाला आणि धग झालीच नाही. म्हणजे रंगाच्या नादात मी सुरई कच्चीच ठेवली. पाणी भरून पाहिले तर तळ तासाभरात मऊ पडू लागला.

मिरगाआधी अजून एक आवा होईल. शेणी दुप्पट, सोडणे निम्मी आणि मोरचूद अगदी शेवटी, धग बसत आल्यावर पत्र्याच्या फटीतून. सहा कच्ची भांडी वैलाशेजारी ठेवलीत, आज सकाळी गालाला अजून थंडच लागली.