तुम्ही विचारलंत म्हणून: आई-अण्णांना का नाही नेलं

लग्नात, बारशाला, गणपतीत, आणि गेल्या महिन्यात तर कुणाच्या तरी दहाव्याहून परत येताना गाडीत. प्रश्न तोच. "आई-अण्णांना तू डोंबिवलीला का नाही गं नेलंस?" विचारणारे सगळे आपलेच. माझ्या आई-वडिलांची रायगडच्या किनाऱ्यावरची श्रीवर्धनची वाडी, माड-पोफळींची, म्हणजे नारळ-सुपारीच्या झाडांची बाग, म्हणजे काय, २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिचं काय झालं, सगळं माहीत असलेले, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. उत्तरही ठरलेलं, "ते तयारच नव्हते हो." मग समोरचा मान हलवतो, "जुनी माणसं गं, माती सुटत नाही," की झालं. इतक्यांदा सांगितलंय की मलाच ते पूर्ण खरं वाटायला लागलं होतं. खोटं नाहीये. अर्धं आहे.

आधी माझी बाजू, कारण ती कोणी विचारत नाही. तेव्हा डोंबिवलीत वन बीएचके, हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई, बेडरूममध्ये बारावीचा मुलगा आणि आम्ही दोघं कुठे मावेल तिथे. भाऊ मस्कतला, त्याला हा प्रश्न आजवर एकाने विचारलेला नाही, पण ते राहू दे.

आणि त्यांची. लग्न १९६३ चं. आई वेळासची, बाणकोटच्या खाडीपलीकडची, होडीतून वऱ्हाड आलं होतं. अण्णांना मुंबईत नोकरी लागली होती तेव्हा, आजोबा आजारी पडले म्हणून चार महिन्यांत परत आले ते आलेच. "श्रीवर्धनातून पेशवेसुद्धा बाहेर पडले, मी नाही पडलो," हे ते दर पाहुण्याला सांगायचे आणि सगळे हसायचे, मीही. त्यात काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

दोघं बोलायची कमी. खरं बोलणं व्हायचं ते शिंपण्याच्या वेळेला. अण्णा विहिरीपाशी पंपाच्या बटणाजवळ, आई वाडीच्या पार टोकाला, पाटाचं पाणी शेवटच्या आळ्यात पोचलं की ती ओरडायची, "आऽलं!" मग अण्णांना ऐकू येईना झालं तेव्हा तिने एक जुना तेलाचा पत्र्याचा डबा माडाला टांगला आणि काठीने वाजवायला लागली. एकदा वाजला की पाणी आलं, दोनदा की बंद करा, आणि तीनदा म्हणजे "झोपलात काय!" आख्ख्या आळीला पाठ होतं. रात्री जेवणं झाली की त्यांच्यासाठी अडकित्त्याने सुपारी अगदी केसासारखी बारीक कातरायची, दात गेले होते त्यांचे, पण कातरताना तोंडाने मात्र पाणी कसं वाया घालवलंत तेच चालू.

३ जून २०२० ला दुपारी वादळ आलं. त्यानंतर नऊ दिवस फोन नाही. दहाव्या दिवशी शेजारचा मुलगा डोंगरावर चढून रेंजमध्ये गेला आणि सांगितलं, दोघं बरी आहेत, वाडी गेली. मी पास काढून माणगाव-म्हसळा करत पोचले. कोरोनाचे दिवस, मुंबईकडची म्हणून चौदा दिवस पडवीतच राहायचं. अर्ध्या पडवीची कौलं उडालेली, वर ताडपत्री, तिच्यावर पाऊस. आई उंबऱ्यापलीकडून ताट सरकवायची. पहिल्याच दिवशी सांगत होती, वटपौर्णिमा वादळानंतर दोन दिवसांनी आली, "वड पडून फांदी आपल्याच कुंपणात आलेली गो, कुठे जायला लागलं नाही, इथेच पुजली." आणि हसली.

चौथ्या की पाचव्या रात्री, वीज नव्हतीच, कॉइलचा तेवढा लाल ठिपका, ओटीवरच्या खिडकीच्या गजांपाशी अण्णा येऊन बसले.

"झोपलीस?"

"नाही."

"मोजल्या आज. पोफळी एकशे सत्तर होत्या, उभ्या एकतीस. माड नऊ."

मी काहीतरी म्हटलं, सरकार हेक्टरी ५०,००० देणार आहे वगैरे. ते म्हणाले, "बारा गुंठ्यांचे सहा हजार होतात." मग बराच वेळ पाऊस. मग म्हणाले, "मला घेऊन चल."

आम्हाला नाही. मला.

मी विचारलं, "आणि आई?"

"ती नाही यायची."

"हे चौदा दिवस होऊ देत अण्णा. मग बघू."

"हो. बघू." उठले, आत गेले, दाराला आडणा लावल्याचा आवाज आला.

बास, एवढंच झालं. चौदा दिवस झाले, त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. तेव्हा मनाला सांगितलं की हादरलेत, अशा वेळी माणूस काहीही बोलतो, आणि लग्नाला सत्तावन्न वर्षं झालेल्या माणसांना मी कोण तोडणार. छान वाटायचं ते वाक्य. पण त्या रात्री डोक्यात पहिलं आलं ते हे की ते झोपणार कुठे, आणि रात्री तीनदा उठतात तर सासूबाईंच्या दिवाणावरून बाथरूमकडे जाणार कसे. आई नंतर आठवली. "आणि आई?" हे मी आईसाठी विचारलंच नव्हतं.

पण तुम्ही काय केलं असतंत, सांगा ना. एकाला उचलून आणायचं? आणि मग तुम्हीच विचारलं असतंत, आईला एकटी टाकून वडिलांना का आणलंस.

मी निघाले त्या दिवशी सकाळी अण्णा वाडीत खड्डे खणत होते. वय एकोणऐंशी. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात हे त्यांना मी सांगायला हवं होतं थोडंच. चाळीस रोपं लावली. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "अण्णा रॉक्स", आणि पन्नास टाळ्या आल्या. काय उमेद, काय जिद्द. असेलही उमेद. मला अजून ठरवता येत नाही, ते पोफळी लावत होते की माझं उत्तर त्यांना कळलं होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी आईला म्हटलं, आता चल, अगदी मनापासून म्हटलं, तोवर मुलगा हॉस्टेलला गेला होता. ती सुपारी कातरत होती, कोणासाठी देव जाणे. मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी विचारलं होतंन ना तुला? माजघरात ऐकू येतं सगळं." मी गप्प. "न्यायचं होतंस गो. माझं मी केलं असतं."

रागाने म्हणाली, की मला मोकळं करायला, की खरंच तिला थोडे दिवस एकटीने हवे होते त्या वाडीत, विचारायची हिंमत झाली नाही. नंतर तीन वर्षं ती तिथेच राहिली. बटणाजवळ शेजारचा मुलगा बसायचा, त्याला चांगलं ऐकू येतं, तरी डबाच वाजवायची.

ती गेली त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. चाळीसातली सव्वीस रोपं जगलीत, चुलतभाऊ अर्धेलीने बघतो. ह्या गणपतीत परत कोणीतरी विचारणार, आणि समोर मोदकाचं ताट असताना हे सगळं काही मी सांगणार नाही. ते तयारच नव्हते हो, असंच म्हणेन आणि तूप वाढायला उठेन.