तीन दिवस खाणारी एक हेडर फाइल

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी मी कास्टिंगच्या वजनाची नोंद ठेवणारा सी प्लस प्लस प्रोग्रॅम सांभाळतो; त्याची पावती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघते. मागच्या पावसाळ्यात तिथला जुना संगणक टप्प्याटप्प्याने उबंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर आणला आणि ते काम विनातक्रार पार पडले. नंतर प्रोग्रॅम बिल्ड करायला, म्हणजे सोर्सपासून पुन्हा बनवायला घेतला, तर एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या ‘प्रिपेअर_व्ही३’ या फंक्शनची घोषणाच सापडत नाही, असे जीसीसी हा कंपायलर सांगू लागला. लायब्ररीतील फंक्शनांची अशी घोषणा हेडर फाइलमध्ये असते.

हे फंक्शन २०१७ मध्ये ३.२० आवृत्तीत आले आणि उबंटू २२.०४ सोबत एसक्यूलाइट ३.३७.२ मिळते. बसवलेल्या लायब्ररीची माहिती देणारा पीकेजी-कॉन्फिगही ३.३७.२ च दाखवत होता. तरीही एरर तोच. शहापूरच्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘अरे, डेव्ह पॅकेज परत टाकून बघ की.’’ लायब्ररीचे हेडर ज्यातून येतात ते हे पॅकेज मी चार वेळा टाकले. ज्याला विचारावे तो हेच सांगत होता आणि या सल्ल्याचा मला आजही राग येतो, कारण पॅकेजने जे ठेवले तेवढेच पॅकेज बदलते. कोणी हाताने ठेवलेल्या फाइलीला ते शिवतही नाही. दुसऱ्या दिवशी ‘-आय’ (कॅपिटल आय) हा पर्याय लावून ‘/यूएसआर/इन्क्लूड’ आधी शोधायला सांगितले. जीसीसीने ते मुकाट्याने सोडून दिले, कारण ती फोल्डर मुळातच त्याच्या हेडर शोधण्याच्या यादीत असते आणि तिचा क्रम असा बदलत नाही. त्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि खानापूरची शेवटची बसही चुकली.

तिसऱ्या दिवशी जीसीसीला ‘-एच’ (कॅपिटल एच) पर्याय दिला. प्रत्यक्षात वाचलेल्या प्रत्येक हेडरचा पूर्ण मार्ग तो छापतो, आणि ओळीच्या सुरुवातीची टिंबे ती फाइल किती पातळ्या आतून आली ते दाखवतात. त्या लांबलचक यादीत एका टिंबापुढे ‘/यूएसआर/लोकल/इन्क्लूड/एसक्यूलाइट३.एच’ ही ओळ होती. फाइल उघडली, तर आत आवृत्ती ३.८.२, म्हणजे २०१३ सालची! पूर्वी कोणीतरी सोर्समधून एसक्यूलाइट बसवले होते. पुढे लायब्ररी काढली गेली, हेडर मात्र राहिले. उबंटूवर जीसीसी ‘लोकल’मधील हेडर आधी वाचतो, त्यामुळे नवी फाइल जागेवर असूनही तिथवर तो पोहोचतच नव्हता. ही फाइल कोणत्या पॅकेजची, असे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला विचारले, तेव्हा कोणत्याच पॅकेजची नाही, असे उत्तर आले.

ती हेडर मी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि बिल्ड पहिल्याच फटक्यात झाला. तो क्षण मी विसरणार नाही. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: हेडर हलवल्यावर ‘मेक क्लीन’ करून आधी बनलेल्या फाइली अवश्य पुसाव्यात. जीसीसीच्या ‘-एमएमडी’ पर्यायाने बनवलेल्या अवलंबनांच्या यादीत सिस्टिम हेडर (‘लोकल’मधील धरून) नसतात, त्यामुळे जुन्या हेडरवर तयार झालेल्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइली बिल्ड चालवणारा मेक आपणहून पुन्हा बनवत नाही. आता प्रोग्रॅम सुरू होताच हेडरमधील आवृत्तीचा क्रमांक चालू लायब्ररीच्या क्रमांकाशी ताडून पाहणारी एक ओळ मी त्यात घातली आहे.